ज्या व्रताला उद्यापन नाही

भाद्रपदातलं महालक्ष्म्यांचं जेवण. पानात पुरणपोळी आहे, शेजारी तुपाची वाटी आहे, वडे आहेत, आंबील आहे, कढी आहे आणि सोळा भाज्यांची एकत्र केलेली भाजी आहे. वर्ध्यातल्या अशा एखाद्या पंगतीत एक ताई बसल्या आहेत असं समजू. सहा महिने त्यांनी नेटानं डाएट केलं आणि 78 किलोंवरून 66 वर आल्या. जिना चढताना लागणारी धाप थांबली, गुडघ्यांची कुरकुर कमी झाली. वाढणारी वहिनी पोळ्यांचं ताट घेऊन समोर उभी राहते आणि म्हणते, "घ्या न वो ताई, एक अजून. आता त झालं न तुमचं डाएट!"

या वाक्यात माया आहे. उतरलेलं वजन परत का येतं, याचं उत्तरही याच वाक्यात आहे. ते 'झालं' या शब्दात आहे. आपल्या मनात डाएट म्हणजे सोळा सोमवार असतात. संकल्प सोडायचा, नेम पाळायचा, दिवस मोजायचे आणि शेवटी उद्यापन करून मोकळं व्हायचं. देवाच्या व्रताला हे चालतं. शरीराला उद्यापन कळत नाही.

वजन उतरवण्याचे मार्ग आता महाराष्ट्रात घरोघर माहीत आहेत. विदर्भाचेच डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेल्या आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानांतून गावोगावी पोहोचवलेल्या पद्धतीत दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायचं असतं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर घरचं, हंगामी आणि थोड्या थोड्या अंतरानं खायला सांगतात. कुणाला एक मार्ग मानवतो, कुणाला दुसरा. कोणता बरा, या वादात हे प्रकरण पडणार नाही. वजन उतरल्यावर पुढे काय करायचं, एवढाच आपला प्रश्न आहे. उतरवणं आणि सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं काम आपल्याला कुणी शिकवत नाही.

शरीर हिशेब ठेवतं

वजन परत आलं की माणूस स्वतःला दोष देतो. "माझ्यातच जिद्द नाही," असं म्हणतो. हा दोष बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी लावलेला असतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण स्वखुशीनं आले होते. त्यांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांशानं घटलं. पण त्याबरोबर शरीरानं खर्चही आखडता घेतला. निवांत बसलेल्या शरीराला लागणारी ऊर्जा घटलेल्या वजनाच्या मानानंही जास्तच कमी झाली. मुलांना दिवसरात्र अन्नच दिसू लागलं. प्रयोग संपून पोटभर जेवण मिळू लागलं, तरी त्यांची भूक बरेच दिवस शमली नाही आणि आधी होती त्याहून जास्त चरबी अंगावर चढली.

2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या संशोधकांनी याच गोष्टीच्या आत डोकावून पाहिलं. दहा आठवड्यांच्या कडक आहारानं वजन घटवलेल्या लोकांच्या रक्तातली भुकेची संप्रेरकं त्यांनी मोजली. वर्ष उलटून गेल्यावरही ती पूर्वपदावर आली नव्हती. भूक वाढवणारं संप्रेरक चढलेलं होतं आणि पोट भरल्याचं सांगणारी उतरलेली होती. माणूस डाएट विसरला होता, शरीर विसरलं नव्हतं.

संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये याचा आकडा काढला. वजन एक किलो घटलं की शरीराचा रोजचा खर्च सुमारे 20 ते 30 कॅलरींनी कमी होतो आणि भूक मात्र रोज सुमारे 100 कॅलरींनी वाढते. आपल्या ताईंच्या 12 किलोंना हा हिशेब लावून पाहू. त्यांच्या शरीराला आता रोज 240 ते 360 कॅलरी कमी लागतात आणि भूक मात्र 1200 कॅलरी जास्त मागते. हे सरासरीचे आकडे आहेत, माणसागणिक ते कमीजास्त होतील. पण वजन परत येण्यामागे केवढा जोर असतो, हे त्यातून कळतं. नदीच्या धारेविरुद्ध पोहणाऱ्यानं हात थांबवले की तो मागे जातो, तसंच हे आहे. त्यात चारित्र्याचा दोष काढण्यात अर्थ नाही.

मग उतरलेलं वजन कुणीच सांभाळू शकत नाही का? सांभाळतात, आणि हजारो लोक सांभाळतात. अमेरिकेत 1994 पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. रीना विंग आणि जेम्स हिल या संशोधकांनी ती सुरू केली. किमान 30 पौंड, म्हणजे साडेतेरा किलो घटवून ते वर्षभर तरी टिकवलेल्यांनाच तिच्यात जागा मिळते. दहा हजारांहून अधिक माणसं तिच्यात आहेत. प्रत्येकानं वजन वेगळ्या मार्गानं उतरवलं, सांभाळण्याच्या सवयी मात्र एकमेकांशी जुळतात. दहातले नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात आणि त्यांचा आवडता व्यायाम म्हणजे चालणं. चारातले तीन जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. बहुतेक जण सकाळची न्याहारी चुकवत नाहीत. सणवार असो की साधा दिवस, त्यांच्या खाण्याची घडी फारशी बदलत नाही.

या सवयी वाचताना मला परदेशापेक्षा आपलं सेवाग्राम आठवतं.

पाच जिनसा

30 एप्रिल 1936 रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. त्या गावाचं नाव पुढे सेवाग्राम झालं. आहाराचे प्रयोग गांधीजींनी आयुष्यभर केले. त्यातला एक टिकला नाही आणि एक मरेपर्यंत टिकला. या दोहोंतला फरक आपल्या कामाचा आहे.

1929 मध्ये साबरमतीच्या आश्रमात त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. भिजवलेलं धान्य, कच्च्या भाज्या, फळं. काही सहकारीही सामील झाले. थोड्याच महिन्यांत वजन घटलं, अशक्तपणा आला, पोट बिघडलं. गांधीजींनी तो प्रयोग सोडला आणि सोडल्याचं 'यंग इंडिया'त मोकळेपणानं लिहिलं. त्यांच्याइतका नेमाचा माणूससुद्धा शरीराला न मानवणारा आहार चालवू शकला नाही.

दुसरा नेम 1915 चा. हरिद्वारच्या कुंभमेळ्यात लोकांनी केलेलं अगत्य पाहून त्यांनी ठरवलं की दिवसभरात पाचांहून अधिक जिनसा खायच्या नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही. हा नेम साधा आहे. काय खाऊ नये याची लांबलचक यादी त्यात नाही. पाच बोटांवर मोजता येतो, प्रवासात पाळता येतो, तुरुंगात पाळता येतो. म्हणूनच तो तीस वर्षं चालला.

आजचं शास्त्रही याला दुजोरा देतं. पानात प्रकार जितके जास्त, तितकं खाणं जास्त होतं. एका चवीनं जीभ तृप्त झाली तरी दुसऱ्या चवीला ती पुन्हा तयार असते. वरणभात नको झालेल्या माणसाला श्रीखंड चालतं, ते याच कारणानं. महालक्ष्म्यांच्या पानावर सोळा भाज्या असाव्यातच, तो वर्षाचा सण आहे. पण मंगळवारच्या रात्री भाकरी, वरण, एक भाजी आणि काकडी एवढं पान पुरेसं आहे.

इथे एक सावधगिरीचा शब्द. 1939 च्या नोंदीप्रमाणे गांधीजींचं वजन 46.7 किलो होतं आणि उंचीच्या मानानं वजन मोजणारा त्यांचा बीएमआय 17.1 भरतो. हा आकडा कमी वजनाच्या गटात मोडतो. त्यांच्याकडून घ्यायचं ते सातत्य, वजनाचा आकडा घेऊ नये. आपल्या लोकांसाठी भारतीय तज्ज्ञांनी बीएमआयची मर्यादा 23 धरली आहे आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा मानला आहे. कमरेचा घेर पुरुषांचा 90 आणि बायकांचा 80 सेंटिमीटरच्या आत असावा. लग्नातला फोटो बघून ठरवलेला आकडा गाठायला गेलात, तर तो टिकवण्यासाठी कायम उपाशी राहावं लागेल. चार किलो जास्त असलेलं पण टिकणारं वजन, दोनदा गाठून दोनदा गमावलेल्या वजनापेक्षा केव्हाही चांगलं.

पवनारची कुदळ

सेवाग्रामहून काही किलोमीटरवर धाम नदीच्या काठी पवनार आहे. 1938 मध्ये विनोबा भावे तिथे आले तेव्हा त्यांची प्रकृती पार ढासळली होती. वजन 88 पौंडांवर, म्हणजे 40 किलोंवर आलं होतं. हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता. विनोबांनी मात्र जमनालाल बजाजांचा पवनारच्या टेकडीवरचा बंगला निवडला. पूल ओलांडतानाच कामाचे सगळे विचार त्यांनी मनातून टाकून दिले.

त्यांना वजन वाढवायचं होतं, आपल्याला सांभाळायचं आहे. तरी त्यांनी काय केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. त्यांनी कुदळ घेतली आणि शेत खणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी फक्त काही मिनिटं. दुसऱ्या दिवशी थोडी जास्त. मध्ये थांबायचं, दम घ्यायचा, पुन्हा खणायचं. असं मिनिटामिनिटानं वाढवत खणण्याचा वेळ तासावर गेला. श्रम वाढले तशी भूक वाढली, अन्न अंगी लागलं आणि वजन 128 पौंडांवर, म्हणजे 58 किलोंवर गेलं. पवनार हीच पुढे त्यांची कायमची जागा झाली.

यातल्या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. पहिली, वाढ इतकी हळू होती की शरीरानं कुरकूर केली नाही. दुसरी, व्यायाम म्हणून वेगळं काही नव्हतं, काम होतं. त्या कामानं स्नायू घडले. डाएटमध्ये चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि बसल्या जागीही स्नायू ऊर्जा खर्च करत असतात. म्हणून वजन उतरल्यावर नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर लागेल असं काहीतरी करावं. उठाबशा काढाव्यात, भिंतीला हात टेकून जोर मारावेत, वजन उचलावं. ज्यांच्याकडे परसबाग आहे त्यांनी कुदळ घ्यावी.

स्नायूंना प्रथिनं लागतात. वर्धा जिल्ह्याच्या शेतात तूर, हरभरा आणि सोयाबीन पिकतं. 1935 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमाच्या जेवणात सोयाबीन आणून पाहिलं होतं. आज तेच पीक डोळ्यांदेखत तेलगिरण्यांकडे जातं आणि आपल्या ताटात फक्त त्याचं तेल परत येतं. प्रत्येक जेवणात घट्ट वरण, उसळ, झुणका, दही किंवा खात असाल तर अंडं यांपैकी काहीतरी हवंच. पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि तासाभरानं फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

काटा, पळी आणि पाय

आता रोजच्या व्यवहाराकडे येऊ. वजन सांभाळण्यासाठी घरातल्या तीन गोष्टींवर नजर ठेवावी लागते.

पहिला काटा. आठवड्यातून किमान एकदा, त्याच वारी, सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्याआधी वजन करावं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावं. रीना विंग यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वजन उतरवलेल्या 314 लोकांना घेतलं होतं. ज्यांना शिकवलं त्यांना तीन रंग दिले होते. तीन पौंडांच्या आतली वाढ हिरवी, तीन ते चार पौंड पिवळी, पाच आणि त्यापुढे लाल. आपल्या मापात सांगायचं तर दीड किलोपर्यंत निश्चिंत राहा, दीड ते दोन किलोंत सावध व्हा, दोन किलोंच्या पुढे गेलात तर ज्या पद्धतीनं वजन उतरवलं ती त्याच दिवशी पुन्हा सुरू करा. दोन किलो पंधरा-वीस दिवसांत आटोक्यात येतात. दहा किलोंची वाट पाहिली तर पुन्हा सहा महिने लागतात. काट्यावर चढायची भीती वाटू लागली की समजावं, काट्यावर चढायची वेळ झाली आहे.

दुसरी पळी. विदर्भाच्या स्वयंपाकात तेलाचा हात सढळ असतो. पोह्यांवरची लाल तर्री, आलूबोंडा, सांबारवडी, पाटवडीचा रस्सा, हे सगळं आपलं आहे आणि ते सोडायला मी सांगणार नाही. पण तेल मोजा. पाच ग्रॅमचा एक चमचा तेल म्हणजे 45 कॅलरी. फोडणीची पळी बुदलीत बुडवून काढली की तिच्यात किती चमचे आले, हे एकदा मोजून पाहा. बैठं काम करणाऱ्या माणसाला दिवसाला 20 ते 25 ग्रॅम तेल-तूप पुरतं. चौघांच्या घराला महिन्याला तीन किलोंच्या आत. पहिल्या तारखेला तेवढंच तेल वेगळ्या डब्यात काढून ठेवा. विसाव्या तारखेला डबा रिकामा झाला तर उत्तर तुमच्यासमोर आहे. चहाचंही तसंच. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे 160 कॅलरी, आणि सोबत गोरसपाक आला तर हिशेब आणखी वाढतो. गोरसपाक हा वर्ध्याचा मान आहे. तो पाहुण्यांबरोबर, बसून, चवीनं खावा. डबा उघडून उभ्या उभ्या खाऊ नये.

तिसरे पाय. वजन उतरवण्यात आहाराचा वाटा मोठा असतो. सांभाळण्यात मात्र चालण्याचा वाटा वाढतो. आठवड्याला 200 ते 300 मिनिटं, म्हणजे रोज अर्धा ते पाऊण तास, असा साधारण हिशेब धरावा. वर्ध्यात एप्रिल-मे मध्ये पारा 45 अंशांच्या आसपास जातो. "उन्हाळ्यात कसं चालायचं?" असं म्हणत दोन महिने घरात बसलं की मे महिन्यातल्या लग्नांच्या पंगती, आंब्याचा रस आणि थांबलेले पाय एकत्र येतात. जूनमध्ये काटा चार किलो पुढे गेलेला असतो. म्हणून उन्हाळ्याचं वेळापत्रक मार्चमध्येच ठरवा. पहाटे सहाच्या आत निघायचं, जमलं नाही तर रात्री जेवणाआधी गल्लीत फेऱ्या मारायच्या.

सणाचंही असंच आधी ठरवावं. महालक्ष्म्यांना पुरणपोळी खावी, दिवाळीत करंजी खावी, थंडीत शेतावर हुरडा खावा. एका जेवणानं वजन वाढत नाही. वाढतं ते सणानंतरच्या आठ दिवसांत, उरलेलं संपवण्याच्या नावाखाली. उपवासही सांभाळूनच करावा. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि तळलेले पापड यांनी भरलेल्या एकादशीला आपल्या आज्या 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणायच्या, ते अगदी बरोबर होतं.

औषधांबद्दल तीन वाक्यं. भूक कमी करणारी नवी इंजेक्शनं आता भारतातही मिळतात आणि काही रुग्णांना त्यांचा खरोखर उपयोग होतो. पण त्यांपैकीच एक असलेलं सेमाग्लुटाइड थांबवलेल्या रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं दिसलं आहे, म्हणजे तिथेही 'झालं' म्हणता येत नाही. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना वजन बदललं तर मात्रा बदलावी लागू शकते, तेव्हा डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

एकट्याचं काम नाही

रीना विंग यांच्या त्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना फक्त छापील माहितीपत्रक मिळालं त्यांच्यापैकी 72 टक्के लोकांचं वजन दीड वर्षात पाच पौंड किंवा अधिक वाढलं. जे गटानं प्रत्यक्ष भेटत राहिले, त्यांच्यात हे प्रमाण 46 टक्के होतं. नुसतं पत्रक पुरलं नाही. फरक शिकवण्यानं आणि सोबतीनं पडला.

सेवाग्रामचा आश्रम हे तरी दुसरं काय होतं? तिथल्या एकादश व्रतांत 'अस्वाद' हे एक व्रत आहे. जिभेच्या लाडासाठी खाऊ नये, शरीराच्या गरजेसाठी खावं, असा त्याचा अर्थ. एकट्या माणसाला ते फार कठीण गेलं असतं. पण पंगत एक होती, ताटं सारखी होती, जेवणाची घंटा एक होती आणि पहाटे फिरायला निघताना शेजारी कुणीतरी असायचं. या अकरा व्रतांपैकी एकालाही उद्यापन नाही. रोज प्रार्थनेत ती म्हणायची आणि रोज पाळायची.

आपल्या घरात आश्रम उभारायची गरज नाही. घरातल्या एकानं वजन उतरवलं असेल तर बाकीच्यांनी त्याच्यासाठी वेगळं पथ्याचं पान वाढू नये. सगळ्यांचंच पान थोडं साधं करावं. तेलाचा डबा सगळ्यांसाठी एकच असावा. त्याच्या वजनाच्या आकड्याची चेष्टा करू नये, वाढलेल्या दोन किलोंवर टोमणा मारू नये. आणि वाढणाऱ्या वहिनींना माझी एक विनंती आहे. पंगतीत ताईंच्या पानात एक पुरणपोळी प्रेमानं वाढा. दुसरीचा आग्रह करण्याऐवजी त्यांना एवढंच विचारा, "ताई, उद्या सकाळी किती वाजता निघाचं फिरायले?"